पहिली क्रूझ आणि तिला जोडून स्वतः आखलेली इटली

क्रूझच्या जाहिरातीत ‘रोम, फ्लॉरेन्स, नेपल्स, बार्सिलोना, ७ रात्री’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून बऱ्याच जणांना वाटतं की इटली त्यातच बघून होईल. तसं होत नाही. जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. हातात आठ-नऊ तास येतात आणि त्यातले दोन-तीन जाण्यायेण्यातच जातात. रोममधली संध्याकाळ किंवा दिवसाची गर्दी ओसरल्यानंतरचं व्हेनिस जहाजावरच्या माणसाला भेटत नाही. दुसरीकडे जेनोआ, मार्सेल, बार्सिलोना, पालेर्मो ही चार शहरं रेल्वे आणि विमानाने जोडायला गेलात, तर निम्मी सुट्टी सामान ओढण्यात जाईल. तेच काम जहाज तुम्ही झोपलेले असताना करून टाकतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की ज्या गावात रात्र काढायला हवी ते गाव जमिनीवरून करा आणि जिथे एक दिवस पुरतो ते जहाजावर सोडा. पुढचं सगळं नियोजन याच एका निवडीवर उभं राहतं. उदाहरणासाठी पश्चिम भूमध्य समुद्र घेतला आहे, कारण पहिल्या क्रूझसाठी तो मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. बंदरं जवळजवळ आहेत, किनाऱ्यालगत रेल्वे आहे आणि बहुतेक देश एकाच शेंगेन व्हिसात, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसात, बसतात.

आधी नकाशा, मग जहाज

क्रूझ कंपन्या बंदराला मोठ्या शहराचं नाव देतात. त्यांचं ‘रोम’ म्हणजे चिव्हितावेक्किया, रोमपासून सुमारे ७०-८० किलोमीटरवर. त्यांचं ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया. ‘व्हेनिस’च्या बाबतीत तर फारच जपायला हवं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या ऐतिहासिक भागासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिसहून’ म्हणून विकलेली क्रूझ प्रत्यक्षात रावेन्नाहून किंवा त्रिएस्तेहून सुटत असू शकते. रावेन्नाहून व्हेनिसला जायला दोन-अडीच तास लागतात. बुकिंग करण्याआधी प्रत्येक बंदराचं खरं नाव नकाशावर शोधा आणि तिथून शहराच्या मध्यापर्यंत कसं जायचं, हे एका वहीत लिहून काढा. या अर्ध्या तासाच्या कामातून कोणती क्रूझ तुमच्या उपयोगाची, हे बहुतेक आपोआप ठरतं.

लिव्होर्नोचंच बघा. जमिनीवरच्या भागात फ्लॉरेन्सला तीन रात्री राहणार असाल, तर लिव्होर्नोचा दिवस पुन्हा फ्लॉरेन्सला धावण्यात कशाला घालवायचा? त्या दिवशी रेल्वेने पिसा गाठा आणि तिथून लुक्काला जा. नाहीतर लिव्होर्नो नसलेलीच क्रूझ निवडा.

आधी जमीन की आधी समुद्र?

माझं मत स्पष्ट आहे, आधी जमीन. विमान उशिरा पोचलं, बॅग मागे राहिली, तर हॉटेल थांबतं, जहाज थांबत नाही. शिवाय आठ-दहा दिवस चालून पाय दमले की जहाजावरचा आठवडा विश्रांतीचा ठरतो. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हा क्रम विशेष मानवतो.

सोळा रात्रींची आखणी अशी करता येईल: व्हेनिसला उतरून तिथे दोन रात्री, फ्लॉरेन्सला तीन, रोमला तीन, मग चिव्हितावेक्कियाहून सात रात्रींची क्रूझ, उतरल्यावर रोममध्ये एक रात्र आणि परत. विमानाचं तिकीट काढताना जायचं व्हेनिसला आणि यायचं रोमहून, असं एकाच बुकिंगमध्ये घ्या. मुंबईहून आखाती देशांतून किंवा इस्तंबूलहून जाणाऱ्या कंपन्यांकडे अशी तिकिटं मिळतात. रोमहून पुन्हा व्हेनिसला जाण्याचा एक अख्खा दिवस वाचतो.

महिना कोणता घ्यावा? मुलांच्या शाळेमुळे बांधलेले असाल तर मेचा पूर्वार्ध, नसाल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. जुलै-ऑगस्टमध्ये रोमचं ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. १५ ऑगस्टच्या आसपास तर इटालियन लोक स्वतःच सुट्टीवर असतात आणि बरीच छोटी दुकानं, खाणावळी बंद असतात.

व्हिसा आणि शेवटचा हप्ता यांचा मेळ

सगळ्या नियोजनातला नाजूक सांधा इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्जाची वेळ मिळायलाच आठवडे जातात. दुसरीकडे, क्रूझचं बुकिंग आधी थोडी रक्कम भरून होतं आणि उरलेली रक्कम साधारण दोन-तीन महिने आधी भरावी लागते. ती मुदत टळली की रद्द करताना कापली जाणारी रक्कम झपाट्याने वाढत जाते. म्हणजे व्हिसा हातात यायला हवा तो या शेवटच्या हप्त्याच्या आधी. प्रवास सप्टेंबरअखेर असेल तर एप्रिलमध्ये अर्ज करा, मेअखेरीपर्यंत निकाल अपेक्षित धरा आणि जूनमध्ये उरलेली रक्कम भरा. त्याआधी हॉटेलं विनाशुल्क रद्द करता येणारीच घ्या. क्रूझ घेताना रद्द करण्याचं वेळापत्रक लेखी मागून घ्या. स्वस्त भाड्यात पहिली रक्कमही परत मिळत नाही, असं पुष्कळदा असतं.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे. वरच्या आखणीत तो देश नि:संशय इटली. दोन देशांत सारखेच दिवस येत असतील तर जिथे प्रथम प्रवेश करणार तो देश. अर्जासोबत क्रूझचं बुकिंग जोडताना बंदरांची तारीखवार यादीही जोडा आणि सोबतच्या पत्रात प्रत्येक रात्र कुठे जाणार, ते तक्त्यात लिहा. हॉटेलच्या नऊ रात्री आणि जहाजाच्या सात रात्री सलग दिसल्या पाहिजेत. मध्ये एकही मोकळी रात्र नको. प्रौढांचं शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचं ४५.

जहाज शेंगेनबाहेरच्या बंदराला, म्हणजे ट्युनिसला किंवा तुर्कस्तानातल्या कुशादासीला जात असेल, तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता. अशा वेळी अर्जात एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो. त्या देशाचा व्हिसा लागतो का, हेही वेगळं तपासावं लागतं. पहिल्या खेपेला ही भानगड नको असेल तर सगळी बंदरं इटली, फ्रान्स, स्पेन, माल्टा इथलीच असलेली क्रूझ घ्या. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

नावाची एक गोष्ट आपल्याकडे हमखास अडते. पासपोर्टवर आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं. विमान, क्रूझ, विमा आणि व्हिसा या चारही ठिकाणी ते अगदी तसंच लिहा. एका ठिकाणी मधलं नाव आणि दुसरीकडे नुसतं आडनाव, असं करू नका. पासपोर्ट युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत दिलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या विमानतळावर रांगेसाठी वेळ धरा.

विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण ती रक्कम व्हिसापुरती आहे. पॉलिसीत समुद्रपर्यटन समाविष्ट आहे का, जहाज चुकल्यास भरपाई आहे का आणि रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे वाचा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल तिथेच तुमच्या खात्यावर चढतं आणि ते जड असतं.

केबिन आणि छापील भाड्यापलीकडचा खर्च

बिनखिडकीची, खिडकीची आणि बाल्कनीची असे केबिनचे मुख्य प्रकार. बंदरं रोज असणाऱ्या क्रूझवर तुम्ही दिवसभर बाहेरच असता, त्यामुळे बाल्कनीवर फार पैसे घालण्याची गरज नाही. पण आई-वडिलांना सोबत नेत असाल आणि ते जहाजावरच जास्त थांबणार असतील, तर त्यांच्यासाठी बाल्कनी जरूर घ्या. हलण्याचा त्रास कमी व्हावा म्हणून जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन बरी. थिएटर किंवा डिस्कोच्या वर आणि पोहण्याच्या तलावाच्या मजल्याखाली केबिन घेऊ नका, रात्री उशिरापर्यंत आवाज येतो. मजल्यांचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. ‘केबिन आम्ही ठरवू’ या अटीचं भाडं स्वस्त असतं, पण त्यात ही निवड हातची जाते.

छापील भाडं माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतं. एकट्याने गेलात तर दुपटीच्या जवळ जाऊ शकतं. त्यावर बंदर-कर, माणशी रोजचं सेवाशुल्क, पेयं, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली येतात. दोन जहाजांची तुलना करताना हे सगळं मिळवून करा. पुष्कळदा स्वस्त दिसणारं जहाज महाग पडतं. भूमध्य समुद्रातल्या कित्येक जहाजांवर हॉटेलसारखं पिण्याचं पाणीसुद्धा बाटलीने विकत मिळतं, हे आपल्या लोकांना धक्कादायक वाटतं. कंपनीला आधीच विचारून घ्या.

परदेशी सहलीचं पॅकेज भारतातल्या एजंटकडून घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर, कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पांत बदलत असतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारा. ही रक्कम बुडत नाही, आयकर विवरणपत्रात जमा धरता येते. मात्र तोवर ती अडकते, म्हणून बजेटमध्ये तिची जागा ठेवा. आणि युरोपात कार्डाने पैसे देताना यंत्राने ‘रुपयांत की युरोत?’ विचारलं तर नेहमी युरो निवडा.

जमिनीवरचा भाग

व्हेनिस ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने सव्वादोन तासांच्या आत, फ्लॉरेन्स ते रोम दीड तास. फ्रेच्चारोस्सा आणि इतालो या दोन्ही सेवांची तिकिटं तीन-चार महिने आधी निम्म्याहूनही कमी दरात मिळू शकतात. याउलट प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, ती आधी काढण्याची घाई नको. फक्त प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं आणि मोबाईलवरच्या तिकिटाला चेक-इन करावं लागतं. हे विसरलं की तिकीट असूनही दंड होतो.

सोमवारी फ्लॉरेन्सची उफित्सी आणि अकादेमिया ही संग्रहालयं बंद असतात. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. शहरांचा क्रम लावताना हे दोन वार आधी बघा. कोलोसियमची तिकिटं नावानिशी असतात आणि साधारण महिनाभर आधी खुली होतात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. हॉटेलात माणशी, रात्रीमागे शहर-कर वेगळा द्यावा लागतो.

सामान माणशी एक बॅग, आणि तीही स्वतः उचलून व्हेनिसचे पूल चढता येईल एवढीच. घरून निघताना आपण हौसेने भरतो त्यातल्या दोन गोष्टी मात्र काढा. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटा कुकर, पाणी तापवायची कॉइल यांना जहाजावर बंदी असते आणि त्या चढतानाच काढून घेतल्या जातात. दुसरं म्हणजे दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही, त्यामुळे पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. चिवडा, चकली, मेतकूट, चटणी खुशाल न्या.

चढण्याचा दिवस

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून चिव्हितावेक्कियाला दिवसभर गाड्या आहेत, साधारण तासाभराचा प्रवास. याच मार्गावरच्या बऱ्याच गाड्या त्रास्तेव्हेरे आणि सान पिएत्रो स्थानकांवरही थांबतात. व्हॅटिकनजवळ राहत असाल तर तेर्मिनीला उलटं जायची गरज नाही. स्थानकातून ‘लार्गो देल्ला पाचे’ या ठिकाणी चालत किंवा बसने जायचं आणि तिथून जहाजापर्यंत बंदराची शटल. जहाज संध्याकाळी सुटणार असलं तरी दुपारी एकपर्यंत पोचा. इटलीत रेल्वेचे संप होतात, ते आधी जाहीर होतात. दोन दिवस आधी बातमी बघा आणि गरज पडली तर टॅक्सी ठरवा.

मोठी बॅग धक्क्यावर जमा होते आणि केबिनपाशी संध्याकाळी येते. म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. काही कंपन्या पासपोर्ट ठेवून घेतात, त्याच्या दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो असू द्या.

सुरक्षेचा सराव टाळू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज याच चिव्हितावेक्कियाहून निघालं आणि त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ जण गेले. त्या दिवशी इथे चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला आणि सराव सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच घ्यावा लागतो. संकटात आपण जमायचं ठिकाण केबिनपासून एकदा पायी जाऊन बघा, मुलांनाही दाखवा.

जहाज सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रातलं नेटवर्क उपग्रहावरचं असतं, ते आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही.

बंदरातले दिवस

जहाजाची सहल घ्यायची की स्वतः फिरायचं? माझी कसोटी अशी, की जहाज चुकलं तर पुढचं बंदर रेल्वेने गाठता येईल का? लिव्होर्नो किंवा जेनोआत चुकलं तर खर्च होईल, पण पुढे गाठता येईल. पालेर्मोत चुकलं तर समोर समुद्र आहे. म्हणून मुख्य भूमीवर थोडं लांब जा आणि बेटांवर बंदराच्या आसपास राहा. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. रोजच्या पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढूनच बाहेर पडा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. ट्युनिससारख्या बंदरात उन्हाळ्यात इटलीपेक्षा एक तासाचा फरक पडतो.

नेपल्सहून पॉम्पेई स्वतः करायचं असेल तर उलटीकडून हिशेब करा. समजा, साडेसहाला सगळ्यांनी जहाजावर यायचं आहे. दोन तास राखीव ठेवा, म्हणजे साडेचारला नेपल्सच्या धक्क्यावर. पॉम्पेईहून परतायला रेल्वे आणि मेट्रो मिळून दीड तास धरा, म्हणजे तिथून तीनला निघायचं. सकाळी साडेआठला उतरलात तर म्युनिचिपिओ स्थानकावरून मेट्रो १ ने गॅरिबाल्दी, तिथे खालच्या मजल्यावरून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही सोर्रेंतोकडे जाणारी गाडी. उतरायचं ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ इथे. नुसतं ‘पॉम्पेई’ नावाचं दुसरं स्थानकही आहे, ते आधुनिक गावात आहे. गाडीत गर्दी असते आणि खिसेकापू असतात, पिशवी पुढे घ्या. दहाच्या सुमारास पोर्ता मारिना दरवाजाशी पोचाल. तिकीट नावानिशी असतं आणि दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे, त्यामुळे ते आधीच काढलेलं असू द्या. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेलं हे गाव चार तासांत शांतपणे बघून होतं. दगडी रस्त्यांवर सावली जवळजवळ नाही, टोपी आणि पाणी विसरू नका.

पालेर्मोत धक्का शहरातच आहे. चालत क्वात्रो कांती चौक, पुढे बाल्लारो बाजार, एवढ्यात दिवस छान जातो. शाकाहाऱ्यांनी तिथे पानेल्ले शोधा. सुरळीच्या वडीचं शिजवलेलं पीठ जाडसर थापून, कापून तळावं तसे ते लागतात आणि पावात घालून देतात. जेनोआतही चण्याच्या पिठाची फारिनाता मिळते. धक्का प्रिन्चिपे स्थानकाजवळ असल्याने तिथून व्हिया गॅरिबाल्दीवरचे महाल पायी बघता येतात. पेस्तो ही बेझिलच्या पानांची चटणी मात्र सगळ्या शाकाहाऱ्यांना चालेलच असं नाही. त्यातल्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं.

मार्सेलचं क्रूझ बंदर जुन्या बंदरापासून लांब आहे, तिथे शटलशिवाय पर्याय धरू नका. बार्सिलोनात बसने कोलंबसच्या पुतळ्यापाशी उतरता येतं. साग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट वेळेनुसार असतं, ते दुपारी अकरा-बाराचं घ्या, सकाळी नऊचं नको. जहाज लागायला उशीर झाला तर ते वाया जातं.

जेवण आणि लाटा

शाकाहार, जैन जेवण, अंडी चालतात की नाही, हे बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि पहिल्या रात्री रेस्टॉरंटच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. रोज रात्री पुढच्या दिवसाचा मेनू दाखवून तो काय करता येईल ते सांगतो. जहाजांवर गोव्याचे, कोकणातले कर्मचारी पुष्कळ भेटतात. ओळख काढा, त्यांच्याकडून कुठे काय चांगलं मिळतं ते कळतं.

मार्सेल ते बार्सिलोना या टप्प्यात वायव्येकडून मिस्त्राल वारा सुटला की जहाज जाणवण्याइतकं हलतं. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा आणि ती त्रास सुरू होण्याआधी घ्या. रिकाम्या पोटी राहू नका.

उतरण्याचा दिवस

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट त्यात गेले नाहीत ना, हे दोनदा बघा. ज्यांना बॅगा स्वतः उचलणं जमतं त्यांनी ‘सामान स्वतः नेऊ’ असं सांगावं, लवकर सुटका होते. खात्याचं बिल पहाटे दाराशी किंवा ॲपमध्ये येतं. चूक असेल तर उतरण्याआधीच काउंटरवर सोडवा, नंतरचा पत्रव्यवहार लांबतो. त्याच दिवशी विमान असेल तर दुपारी तीनच्या आधीचं घेऊ नका. फ्युमिचिनो विमानतळाला जाताना तेर्मिनीपर्यंत जायची गरज नाही, त्रास्तेव्हेरेला गाडी बदलून थेट जाता येतं. सामान आणि ज्येष्ठ सोबत असतील तर चौघांत मिळून आधी ठरवलेली गाडी फारशी महाग पडत नाही.